दोऱ्यासकट

हलवा जुलै महिन्यात करायचा असतो, हे कळायला मला न्यूझीलंडमध्ये सहा वर्षं काढावी लागली. तोवर दर जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर, मी परात घेऊन बसायचे आणि हात चोळत उठायचे. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, त्यात ऑकलंडची दमट हवा. तिळावर पाक चढायचा, पण काटा म्हणून फुटायचा नाही. होमिओपॅथीच्या डबीतून सांडल्यासारख्या गुळगुळीत गोळ्या तेवढ्या व्हायच्या. त्या मी हळदीकुंकवाला न्यायचे, बायका "छान झालाय हो हलवा" म्हणायच्या, आणि मला त्यांचा आणि स्वतःचा, दोघांचाही राग यायचा.

सातव्या वर्षी डोकं चालवलं. संक्रांत जानेवारीत असेल तर असू दे, थंडी जुलैत आहे ना, मग हलवाही जुलैत. इथली थंडी ओली, हे खरं. म्हणून घरातल्या लाँड्रीच्या खोलीचं दार लावून घेतलं, हवेतला ओलावा ओढणारा डीह्युमिडिफायर चालू केला आणि छोट्या हॉटप्लेटवर पितळी परात ठेवून त्याच्यापुढे ठाण मांडलं. नवरा दारातून डोकावून म्हणाला, "लोक त्याच्यापुढे मोजे वाळवतात." मी म्हटलं, "तुझे मोजे बाहेर वाळव." तेराव्या दिवशी हलव्याला काटा आला. पांढरा, टोकदार, एकसारखा. मी तो तळहातावर घेऊन घरभर दाखवत फिरले. घरात तेव्हा नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी अशी दोनच माणसं होती, त्यामुळे दोघांनाही तो तीन-तीनदा बघावा लागला.

हे काम मी शिकले पुण्यात, आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंकडून. त्या हलव्याचे दागिने करून द्यायच्या. पहिल्या संक्रांतीच्या नव्या नवरीला मंगळसूत्रापासून तोड्यांपर्यंत सगळं, आणि बोरन्हाणाच्या बाळांना मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, बासरी. सातवीपासून मी शाळा सुटली की परस्पर त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. मंद आचेवर परात, परातीत तीळ, वर चमचाभर पाक, आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असे दिवसचे दिवस. बोटं भाजायची. मी चुळबुळ केली की काकू मान वर न करता म्हणायच्या, "हलवा हलवायचा असतो. आपण हलायचं नाही."

दागिने गुंफायची त्यांची एक पद्धत होती. हलव्याच्या दाण्यातून सुई घालायला गेलं तर दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास करायचा, दाणा त्यात धरायचा आणि गाठ आवळायची. काट्यांच्या मधे दोरा घट्ट बसतो. एका दाण्याला एक गाठ. मी घाईत दोन दाणे एका फासात घेतले की काकू कात्रीने कचकन कापायच्या आणि पुन्हा करायला लावायच्या. "बाळ ओढणार आहे ते," म्हणायच्या. मला तेव्हा त्या फार खाष्ट वाटायच्या.

मागच्या जुलैत मी बाळाचा अख्खा संच केला, कारण घरात आता बाळ आहे. माझ्या मुलीचा मुलगा, तेव्हा सात महिन्यांचा. येत्या संक्रांतीला त्याचं बोरन्हाण. मुलीला न विचारता केला, हे आधीच कबूल करते. विचारायचं काय त्यात, असं मला वाटलं होतं. आमच्या हिल्सबरोच्या घरी ती त्याला घेऊन आली तेव्हा मी काळ्या कापडावर सगळा संच मांडून ठेवला होता. मुकुटाच्या कडेला मोराचं पीससुद्धा हलव्याचंच होतं.

मुलगी इथे जन्मली, इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, अगदी टोमणेसुद्धा. बोलते मात्र बहुतेक इंग्रजीत. ती संचाकडे बराच वेळ बघत राहिली. सुंदर आहे म्हणाली. मग म्हणाली, "पण आई, चोकिंग हॅझर्ड."

म्हणजे घशात अडकेल. तिने बाळांच्या प्रथमोपचाराचा कोर्स केला आहे आणि त्या कोर्सने माझ्या घरातली प्रत्येक वस्तू घशात अडकू शकते हे तिला शिकवलं आहे. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, मी एकेक नाव घेत गेले आणि ती मान हलवत गेली. बोरं इथे मिळत नाहीत म्हणून मी चेरी सुचवल्या. त्यांत बी असते. मला संताप आला. मी म्हटलं, "आमच्या अख्ख्या पिढ्या काय गुदमरून मेल्या?" ती शांतपणे म्हणाली, जे गुदमरले ते आपल्याला सांगायला थोडेच येणार आहेत. त्यामुळे मी जास्तच चिडले.

बोरन्हाण होणार नाही, एवढं त्या दिवशी ठरलं. ती गेल्यावर मी संच आवरला नाही. त्या दागिन्यांकडे बघून मला रडू येत होतं, आणि मला रडायचं नव्हतं. माझी बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, सकाळी उठल्यावर मुठी मिटायला वेळ लागतो. असा संच पुन्हा किती वेळा होणार होता? आणि ज्याच्यासाठी केला त्याच्या अंगाला तो लागणारच नसेल, तर डब्यात ठेवून मुंग्यांना घालायचा का?

लायब्ररीच्या फलकावर मला ते पत्रक दिसलं. ऑकलंडपासून अडीच-तीन तासांवरच्या टौरंगाला हस्तकला आणि केक सजावटीचं मोठं प्रदर्शन, स्पर्धा सगळ्यांना खुल्या. त्यात एक विभाग होता साखरकामाचा, कुठलंही तंत्र चालेल असा. मी तिथल्या तिथे फोनवरून नाव नोंदवलं. घरात कोणी घालणार नसेल तर निदान टेबलावर तरी चार लोक बघतील. मग त्यांनी मला ईमेलने एक लांबलचक पुस्तिका पाठवली. विभागांची यादी वाचली आणि पुढची पानं सोडून दिली. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. दिवसभर लोकांकडून फॉर्म भरून घेते, त्यामुळे नियम वाचायचे असतात ते दुसऱ्यांनी, अशी माझी समजूत झालेली आहे.

टौरंगाच्या वाटेवर काइमाईचा घाट आहे, आणि घाटात मी गाडी चालवत नाही. नवऱ्याची त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, म्हणजे टीव्हीवर. मुलगी आपण होऊन म्हणाली, मी नेते. तिची बाळंतपणाची रजा चालू होती. तिला वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, पण मी ते तिला सोपं करून दिलं नाही. नुसतं "बरं" म्हटलं.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी पहाटेच निघालो. मागे बाळ, त्याच्या शेजारी बुटांच्या मोठ्या खोक्यात दागिने, दोघांनाही पट्टे बांधलेले. ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे नावाचं गाव लागतं. पेट्रोल पंप, बर्गर आणि कांद्याची शेतं. नवरा मुंबईचा, त्यामुळे तिथून जाताना "तुझ्या बाबांचं गाव आलं" हा विनोद आमच्या गाडीत गेली पंचवीस वर्षं होतो. त्या दिवशी मी तो केला नाही. मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि वायपर लावले.

प्रवेशिका नऊच्या आत द्यायच्या होत्या. घाटाच्या अलीकडे बाळ रडायला लागलं. मुलीने गाडी बाजूला घेतली, त्याचा लंगोट बदलला, त्याला पाजलं, ढेकर काढला. वीस मिनिटं गेली. मी बाहेर उभी राहून घड्याळ बघत होते आणि ते तिला दिसेल असं बघत होते. टौरंगात पोचलो तेव्हा नऊला दहा कमी होते. दारापाशी एप्रन घातलेले एक म्हातारे आजोबा यादी घेऊन बसले होते. "किया ओरा," असा माओरी नमस्कार केला, खोकं उघडून बघितलं आणि शीळ घातली. त्यांनी मला एक नंबर दिला. टेबलावर मी काळं कापड अंथरलं, मुकुट मधे, हार खाली, दोन बाजूबंद दोन बाजूंना, कमरपट्टा, बासरी. आजूबाजूला साखरेचे गुलाब आणि साखरेची लेस. एक केक गमबुटासारखा होता, चिखलासकट. एक कुत्र्यासारखा. केक केकसारखा दिसू नये म्हणून लोक इतके कष्ट घेतात हे मला नवीन होतं.

परीक्षण होईपर्यंत हॉल बंद. आम्ही समुद्रावर गेलो. बाळाने वाळू खाल्ली. मुलगी त्याच्या तोंडातून बोटाने वाळू काढत होती आणि मी "वाळू चालते वाटतं" असं म्हणाले. तिने त्याची मूठ उघडून उरलेली वाळूही झटकली. हे मी लिहिते आहे कारण त्या दिवशी मी कशी वागत होते ते झाकायचं नाही असं ठरवलंय.

बाराला हॉल उघडला. मी गर्दीतून वाट काढत आमच्या टेबलापाशी गेले. गमबुटाला बक्षिसाची निळी रिबन. लेसला लाल. माझ्या काळ्या कापडावर, मुकुटाला टेकवून, एक छोटं पांढरं कार्ड उभं होतं. वर एन, ए, एस ही तीन इंग्रजी अक्षरं आणि खाली बारीक अक्षरांत त्यांचा अर्थ: नॉट अकॉर्डिंग टू शेड्यूल.

शेड्यूलप्रमाणे नाही. मी ते दोनदा वाचलं. माझ्या आयुष्यात शेड्यूल म्हणजे एकच, वेळापत्रक. गाडीचं शेड्यूल, परीक्षेचं शेड्यूल, दवाखान्यातलं अपॉइंटमेंटचं शेड्यूल. वेळेत आला नाहीत. उशीर झाला. माझं डोकंच फिरलं. नऊला दहा कमी असताना दिलं होतं मी! आणि दिलं होतं तेही धावतपळत, कारण वाटेत वीस मिनिटं गेली होती.

मुलगी बाबागाडी घेऊन मागून आली. मी तिच्यावर तुटून पडले. मराठीत, त्यामुळे आजूबाजूच्यांना शब्द कळले नसतील, आवाज कळला. "घे, झालं तुझ्या मनासारखं. उशिरा आणलं म्हणून बाद केलं. वीस मिनिटं! घरून निघायच्या आधी नसतं का पाजता आलं? तुला हे मुळात नकोच होतं. घरात नको होतं आणि इथेही नको होतं. मुद्दाम थांबलीस."

ती गोरीमोरी झाली. "ही वॉज हंग्री, आई," एवढंच म्हणाली. मग बाबागाडी वळवली आणि गोधड्यांच्या दालनाकडे निघून गेली.

मी तिथेच उभी राहिले. लोक पुढे सरकत होते, मागून कोणीतरी "एक्सक्यूज मी" म्हणालं. मी हलले नाही. मघाचे आजोबा आले तेव्हा मी त्यांच्याही अंगावर गेले. मी वेळेत आले होते, तुम्हीच नंबर दिलात, तुमच्या यादीत वेळ लिहिली असेल ती काढा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग खिशातून पुस्तिका काढली. तीच, मला ईमेलने आलेली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: शेड्यूल.

"हे शेड्यूल," ते म्हणाले. "विभाग आणि नियम. वेळेचा काही संबंध नाही, डिअर. तुम्ही अगदी वेळेत आला होतात."

तीस वर्षं या देशात राहून, रोज इंग्रजीत बोलून, एका शब्दावर मी आपटले होते. आणि नुसती आपटले नव्हते, मुलीला घेऊन आपटले होते.

पण राग काही लगेच उतरत नाही. तो मग नियमाकडे वळला. आजोबांनी पान काढून दाखवलं. साखरकामात प्रत्येक भाग खाण्याजोगा हवा. तार, दोरा, कागद, काही चालणार नाही. मी म्हटलं, मग हस्तकलेच्या विभागात ठेवा. त्यांनी दुसरं पान काढलं. तिथे खाद्यपदार्थ चालत नाहीत. म्हणजे इकडे दोऱ्यामुळे नाही आणि तिकडे साखरेमुळे नाही. हे ऐकून मला हसूच आलं. ना इकडचे, ना तिकडचे. इतकी वर्षं आम्हाला हे कोणी असं छापून दाखवलं नव्हतं.

मी म्हटलं, परीक्षकांना भेटायचंय. असं कोणी भेटत नाही म्हणाले. मी म्हटलं, मी इथेच उभी आहे, त्यांना सवड होईल तेव्हा येऊ देत. काकूंचं "आपण हलायचं नाही" असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटांनी परीक्षक बाई आल्या. सत्तरीच्या असतील, चष्मा गळ्यात, कमरेला पेन. मी भांडायला तयार होते, पण त्यांनी आधी बाजूबंद उचलला आणि चष्मा लावून दाण्याचे काटे बघत राहिल्या.

"हे कसं केलंत?" त्यांनी विचारलं. "साच्यातून?"

"बोटांनी," मी म्हटलं. "तेरा दिवस."

त्यांनी माझी बोटं बघितली. मग आपला अंगठा दाखवला, पाकाने भाजल्याचा जुना पांढरा डाग असलेला. बाई कामातल्या होत्या, आणि कामातल्या माणसाशी भांडणं कठीण जातं. त्या म्हणाल्या, आज या टेबलावर याच्याइतकं अवघड काही नाही, पण दोरा आहे. नियम म्हणजे नियम. हवं तर मी कार्ड काढते आणि 'फक्त प्रदर्शनासाठी' अशी पाटी लावते, म्हणजे बाद झाल्यासारखं दिसणार नाही.

"नको," मी म्हटलं. "मी स्पर्धेत उतरले होते. कार्ड राहू दे."

"पुढच्या वर्षी दोऱ्याऐवजी साखरेची तार ओढून करा," त्या म्हणाल्या. "पहिलं बक्षीस तुमचंच."

"साखरेची तार अंगावर घातली की तुटेल."

"अंगावर?" बाईंनी चष्मा काढला. "हे अंगावर घालतात?"

त्यांना तो शोभेचा तुकडा वाटत होता. गमबुटासारखा, कुत्र्यासारखा, बघायचा आणि टाकून द्यायचा. मी सांगायला लागले की संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालतात, पाटावर बसवतात, हे दागिने घालतात, आणि सांगता सांगता मला कळलं की हे सांगून पटणार नाही. हे घालून दाखवायला हवं. बाळ होतं, शंभर पावलांवर. आणि त्याच्या आईला मी आत्ताच नाही नाही ते बोलले होते.

गोधड्यांच्या दालनात ती एका बाकावर बसली होती. बाळ मांडीवर, हातात न खाल्लेला अ‍ॅपल पाय. डोळे लाल होते. मी शेजारी बसले. "उशिराचं नव्हतं ते," मी म्हटलं. "शेड्यूल म्हणजे नियमांची पुस्तिका. दोरा आहे म्हणून बाद केलं. मी वाचलंच नव्हतं."

ती गोधडीकडे बघत राहिली.

"आणि तू मुद्दाम थांबली नव्हतीस. भुकेलं बाळ आहे, पाजायलाच हवं होतं. मी फार वाईट बोलले. चुकले मी."

हे वाक्य आमच्या घरात माझ्या तोंडून फारसं कोणी ऐकलेलं नाही. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, मी खरंच म्हणतेय की काय ते तपासल्यासारखं. मग विचारलं, आता काय हवंय. तिला माझी पारख आहे.

"बाळ," मी म्हटलं. "दोन मिनिटं. त्या बाईंना घालून दाखवायचंय. तू नको म्हणालीस तर नाही."

आयुष्यात मी तिला अनेक गोष्टी सांगितल्या होत्या. अशी एकही विचारली नव्हती. तिने एकेक बोट उघडत अटी सांगितल्या. गळ्यात काहीही नाही, हार नाही. डोक्यावर मुकुट नाही. बाजूबंद आणि कमरपट्टा, तेवढंच. बाळ तिच्याच हातात राहणार. आणि ती म्हणेल तेव्हा काढायचं, मधे एक शब्द बोलायचा नाही. माझ्या ओठांवर आलं होतं की हाराशिवाय कसलं बोरन्हाण. मी ते गिळलं आणि "बरं" म्हटलं. या वेळचं 'बरं' खरं होतं.

टेबलापाशी तिने त्याचं जाकीट काढलं. आत गडद निळा टीशर्ट होता, काळ्याच्या जवळपास. मी दोन्ही दंडांवर बाजूबंद बांधले, कमरेला कमरपट्टा. गाठ दोनदा सुटली. परीक्षक बाई, आजोबा, लेसवाल्या बाई, आणखी पाच-सहा जण गोळा झाले. बाळ आईच्या हातांत ताठ बसून सगळ्यांकडे बघत होतं, दंडावर पांढरे काटेरी दाणे, हॉलच्या दिव्यांत चमकणारे. कोणीतरी फोन वर केला. "नो फोटोज, प्लीज," माझी मुलगी म्हणाली. इतक्या खणखणीत आवाजात की त्या माणसाने फोन खिशात टाकला. आवाज माझाच होता.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. बाळाने एका हाताने दुसऱ्या दंडावरचा बाजूबंद धरला, जिवाच्या आकांताने ओढला आणि तोंडात घातला.

मुलगी किंचाळली नाही. तिने एका बोटाने त्याचा जबडा उघडला आणि दुसऱ्या हाताने बाजूबंद बाहेर काढला. लाळेने माखलेला. त्याने भोकाड पसरलं. तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि ती टेबलाशी वाकून दाणे मोजायला लागली. एका बाजूबंदात किती आणि दुसऱ्यात किती. मीही तिच्याबरोबर मनात मोजत होते. एक जरी कमी भरला असता तर मी तो संच तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकला असता, खरंच सांगते.

तिने दोनदा मोजलं. दोन्हींत सारखे भरले. मग तिने एक दाणा चिमटीत धरला आणि ओढला. आला नाही. नखाने खेचला. दोरा ताणला, पण दाणा हलला नाही.

"प्रत्येकाला वेगळी गाठ आहे?" तिने इंग्रजीत विचारलं.

"प्रत्येकाला," मी म्हटलं. "बाळ ओढणार असतं ना."

ती दाणा पुन्हा ओढून बघत राहिली. एकदा मान वर करून म्हणाली, आणखी पाच मिनिटं चोखला असता तर विरघळून सुटला असता. तेही खरं होतं आणि मी तसं म्हटलं. परीक्षक बाईंनी पुढे होऊन तो ओला बाजूबंद बघितला, काटे झिजून गुळगुळीत झालेले तीन दाणे बघितले. "चला," त्या म्हणाल्या, "खाण्याजोगं आहे हे तर सिद्ध झालं." सगळे हसले. मग त्यांनी बाजूबंद आपल्या हाताने काळ्या कापडावर होता तिथे ठेवला आणि पांढरं कार्डही पुन्हा नीट उभं केलं. निकाल बदलला नाही. मला तो बदलून नकोच होता. चार वाजेपर्यंत लोक माझ्या टेबलापाशी थांबत होते, मी प्रत्येकाला सांगत होते की हा दोरा आहे, आणि तो का आहे.

परतताना काइमाईवर पाऊस लागला. बाळ झोपलं होतं. कार्ड मी पर्समध्ये ठेवलं होतं. ते आता माझ्या हलव्याच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलेलं आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते वाचून दाखवते. जुलैत हलवा करणाऱ्या बाईला दुसरं कुठलं प्रमाणपत्र मिळणार?

मुलगी गाडी चालवत होती. बॉम्बेचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या बाबांचं गाव आलं." ती हसली. मग तिने विचारलं, हे बोरांचं साधारण किती वयापर्यंत करतात.

"पाच वर्षांपर्यंत चालतं," मी म्हटलं. "संक्रांत ते रथसप्तमी, मधे कधीही."

"सो वी आर नॉट लेट," ती म्हणाली.

"नाही."

"मग जानेवारीत करू. बोरं नाहीत, चेरी नाहीत, हार नाही." तिने आरशातून मागे झोपलेल्या बाळाकडे बघितलं. "आणि आई, दोरा डबल लाव."